चार पिंपं डांबर

भोरच्या कोर्टासमोर चहाचं एक हॉटेल होतं. त्याच्या पायरीला शहाबादी फरशी बसवलेली, आणि भाद्रपदातल्या बारीक पावसानं ती सकाळपासून ओली. कुंडलिक मुकादम चहा पिऊन बाहेर पडला, फरशीवर पाय ठेवला आणि पाय गेला. तो पडला नाही. पडला असता तर लोक हसले असते, कपडे भिजले असते आणि तिथल्या तिथं ते संपून गेलं असतं. पण उजवा पाय पुढं निघून गेला, डावा जागच्या जागी राहिला आणि मधल्या त्या एका क्षणात पन्नाशीचं ते अंग कुणाच्याच ताब्यात नव्हतं. त्याला नुसतं कळलं, की आता आपण काहीही केलं तरी उपयोग नाही. तेवढ्यात कुणीतरी त्याचं कोपर धरलं. चांगलं घट्ट धरलं. "सावकाश, मुकादम," तो माणूस म्हणाला. कुंडलिकनं वर बघितलं तर आनंदराव. किकवीचा आनंदराव, टेम्पोवाला. त्याच्याच विरुद्ध साक्ष द्यायला कुंडलिक आज नवं धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून कोर्टात आला होता.

"लागलं का?" आनंदरावनं विचारलं.

"न्हाई, न्हाई. फरशी वली हाय."

"व्हय. वली झाली की मग पाय ऐकत न्हाई," आनंदराव म्हणाला आणि त्यानं हात सोडला. बोलण्यात टोमणा असता तर कुंडलिकला बरं वाटलं असतं. टोमण्याला तोंड देता येतं. हा माणूस साधं बोलला, कोर्टाच्या वऱ्हांड्यात गेला आणि खांबाला टेकून पावसाकडं बघत उभा राहिला. वर्षभरात अर्धा झाला होता. गालफडं बसलेली, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. गाडी जप्त, लायसन जप्त. आता कुणाच्या तरी वीटभट्टीवर मजुरीला जातो म्हणे. कुंडलिकनं आपलं कोपर दुसऱ्या हातानं चोळलं. तिथं अजून चार बोटं आणि अंगठा रुतलेला वाटत होता.

आत पट्टेवाल्यानं सांगितलं, तुमचं नाव दुपारच्या सुट्टीनंतर, तीनला पुकारतील. आता बारा वाजले होते. तीन तास. कुंडलिकला सांगायचं होतं ते तीन शब्दांत मावणारं होतं. ओव्हरसीअर साहेबांनी कालच ऑफिसात बसवून पढवलं होतं. "मुकादम, घाबरायचं काही काम नाही. रस्ता चांगला होता, एवढंच म्हणायचं. वकील फिरवून फिरवून विचारतील. आपण आपलं तेच. रस्ता चांगला होता." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की रस्ता चांगला होता. सगळ्या तालुक्याला तसंच वाटत होतं. उत्रोलीच्या अलीकडं, ओढ्याच्या मोरीपाशी जे वळण आहे, त्याच्या दोन्ही अंगाचा फर्लांगभर रस्ता म्हणजे तालुक्याचं कौतुक. बाहेरगावचा पाहुणा आला की लोक मुद्दाम दाखवायचे. कुठं खड्डा नाही, कुठं खडी उखडलेली नाही, काळाभोर आणि आरशासारखा. असल्या रस्त्यावर ज्यानं गाडी उलटवली तो प्यालेला तरी असणार नाहीतर मस्तवाल तरी, असं लोकांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. रस्त्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. बोट दाखवायला लोकांना खड्डा लागतो.

कुंडलिक कोर्टातून निघाला तो कुठं जायचं हे न ठरवता. पाय आपले उत्रोलीच्या दिशेला वळले. बहीण अंजना तिथं दिलेली होती, वळणावरच तिचं घर. महिन्यातून एकदा तरी तो तिच्याकडं जायचा, पण गेलं वर्षभर डांबरी रस्त्यानं गेला नव्हता. भाताच्या खाचरांमधून बांधाबांधानं एक पायवाट जाते, ती थेट तिच्या परसात निघते. जवळची वाट म्हणून तिनं जातो, असं तो सांगायचा. ती वाट जवळची नाही, उलट लांबची आहे, चिखलाची आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर खेकड्यांची बिळं असतात. अंजना एकदाही म्हणाली नाही, की दादा, ही कुठली जवळची वाट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्या न विचारण्यानंच तो कासावीस व्हायचा. आज मात्र त्यानं बांधाची वाट सोडली आणि डांबरी रस्ता धरला. कोपरावरची बोटं जणू त्याला ओढून नेत होती.

पायाला काय धरतं हे तो लहानपणापासून ओळखत होता. वेल्ह्याकडच्या डोंगरातलं त्याचं गाव. आई गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा आणि अंजना पाचची. गावाच्या खाली ओढा, ओढ्यात पलीकडं जायला टाकलेले दगड. पावसाळ्यात त्या दगडांवर शेवाळ धरायचं. आई जिवंत असताना रोज सकाळी चुलीतली राख पाटीत भरून घेऊन जायची आणि एकेका दगडावर मूठमूठ टाकायची. ओढ्याला पाणी वाढलं की राख वाहून जायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी टाकायची. आई गेल्यावर ते काम कुंडलिकनं केलं. अंजनाला कडेवर घेऊन तो दगडांवरून जायचा आणि सांगायचा, "चकाकतोय त्या दगडावर पाय द्यायचा न्हाई. खरबरीत दिसंल त्याच्यावर द्यायचा." पोरीनं ते इतकं मनावर घेतलं होतं, की घरातल्या घासलेल्या तांब्यालाही ती पाय लागू द्यायची नाही. पुढं तो रस्त्याच्या टोळीत लागला. दहा वर्षं खडी फोडली, दहा वर्षं डांबर ओतलं. अनवाणी. डांबर ओतणाऱ्या माणसाच्या पायाला गोणपाट गुंडाळलेलं असतं, पण काम संपलं की गोणपाट सोडून टोळीतला प्रत्येक जण नव्या रस्त्यावरून एकदा तरी चालत जातो. कुणी तसं शिकवत नाही. पाय बघतात. फोडलेल्या खडीची धारदार डोकी तळव्याला टोचली, म्हणजे रस्ता जमला.

मग तो मुकादम झाला. त्या दिवशी त्यानं भोरच्या बाजारातून टायरच्या जाड चपला घेतल्या आणि तेव्हापासून त्याच्या पायाला काही कळेनासं झालं. हे त्याला कधी जाणवलंच नाही. खात्यात सगळ्याला माप होतं. रुंदीला टेप, उताराला फळी, खडीला चाळण, डांबराला पिंप. रस्ता पायाला आणि चाकाला धरतो की नाही, याला मात्र माप नव्हतं. ते माप टोळीतल्या अनवाणी बायकांच्या तळपायात होतं आणि त्यांना विचारायची रीत नव्हती.

वाटेत एक म्हैस आडवी बसलेली. तिला वळसा घालताना कुंडलिकला अंजनाचा दमा आठवला. तो तर कायमच आठवत होता. सासरी गेल्यावर दोन वर्षांत तिला दमा लागला. घर रस्त्याला लागून, रस्ता तेव्हा मुरमाचा. बैलगाडी गेली तरी धुळीचा लोट, ट्रक गेला तर चूल दिसायची नाही. वाळत घातलेल्या भातावर धूळ, पाण्याच्या हंड्यावर फडकं बांधलं तरी आत धूळ. एकदा तो गेला तेव्हा ती ओट्यावर खांब धरून बसली होती, खांदे वरखाली होत होते आणि श्वासाची शिट्टी अंगणापर्यंत ऐकू येत होती. कडेवर घेऊन ओढा ओलांडलेली ही पोर. त्याला रडूच आलं. तो म्हणाला, "अंजे, औंदा तुज्या दारात असा रस्ता करतो, की धुळीचा कण उठायचा न्हाई."

आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काम निघालं. पुढच्या एका तुकड्याचं काम रद्द झालं आणि हंगामाच्या शेवटी चार पिंपं डांबर उरलं. उरलेलं गोदामात परत करायचं, असा नियम. कुंडलिकनं ते परत केलं नाही. त्या दिवशी त्याच्या मनात चोरी नव्हती, लबाडी नव्हती. असलीच तर माया होती, आणि मायेला हिशेब कुठं असतो. वळणाच्या दोन्ही अंगाला, अंजनाच्या घरासमोर, जिथं एक हात डांबर पुरत होतं तिथं त्यानं दोन हात दिले. वर खडी टाकली ती डांबरात बुडून गेली. रोलर फिरला. संध्याकाळी बघितलं तर रस्ता काळा कुळकुळीत, एक दाणा वर दिसत नव्हता. देवाची मूर्ती तेल लावून ठेवावी तसा दिसत होता. कुंडलिक कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

टोळीतली ठकुबाई तेवढी बोलली. वयानं सगळ्यांत मोठी, तीस वर्षं डोक्यावर खडीची पाटी वाहून टाळूवरचे केस गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दंवानं रस्ता ओलसर होता तेव्हा, ती त्यावरून पाच पावलं चालली आणि परत आली. "मुकादम," ती म्हणाली, "ह्यो रस्ता पायाला धरत न्हाई. वरनं अजून बारीक खडी मारा." कुंडलिक हसला. "ठकुबाई, तुमच्या पायाला धरून काय करायचंय? मोटारीला धरलं म्हंजे झालं." टोळी हसली. ठकुबाईपण हसली, तोंडाला पदर लावून. मुकादमानं विनोद केल्यावर हसावं लागतं. पण हसता हसता तिनं एकदा खाली बघितलं होतं. ते बघणं कुंडलिकच्या डोक्यात कुठंतरी राहिलं आणि वर्षभरात त्याचं कुसळासारखं झालं. तिचं ऐकलं असतं तर काय जात होतं? चार पाट्या खडी. पण सांगणारी अनवाणी होती आणि ऐकणाऱ्याच्या पायात चपला होत्या.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऊन तापलं आणि डांबर आणखी वर आलं. गाड्यांच्या चाकाला चिकटायचं, एका कुत्र्याच्या पंजाचे ठसे तर पुढं कितीतरी दिवस दिसत होते. पण धूळ गेली. अंजनाची शिट्टी थांबली. गावानं कुंडलिकला बोलावून नारळ दिला, फेटा बांधला. अंबूबाईनं त्याला ओवाळलं. अंबूबाई म्हणजे अंजनाची शेजारीण, चुलत आतेसासू, साठीची सवाष्ण, कपाळभर कुंकू लावणारी. परड्यात कोथिंबीर लावायची आणि बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन भोरला जायची. ओवाळताना तिनं त्याच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. "लोण्यावानी रस्ता केलास रं लेकरा," ती म्हणाली. "आता म्हातारपनी कंबर मोडायची न्हाई माजी."

पुढं भाद्रपदात आठ दिवस उघडीप पडली. आठ दिवसांची बारीक माती आणि गाड्यांचं गळालेलं तेल रस्त्यावर बसलं, आणि बाजाराच्या दिवशी सकाळी भुरभुर सुरू झाली. मोठा पाऊस असता तर सगळं धुऊन गेलं असतं. भुरभुर धूत नाही, नुसती कालवते. आनंदराव किकवीहून उत्रोलीला येऊन बाजारच्या बायकांना टेम्पोत घेऊन निघाला होता. वळणावर एक वासरू आडवं आलं. त्यानं ब्रेक दाबला. पुढं त्यानं पोलिसांना, लोकांना, स्वतःच्या बापाला जे सांगितलं ते एकच होतं: "म्या ब्रेक दाबला, पर गाडी थांबली न्हाई. उलटी वेगानं गेली." बापानंही विश्वास ठेवला नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी वेगानं कशी जाईल? टेम्पो गरकन फिरला, मोरीच्या कठड्याला आपटला आणि खाली गेला. बाकीच्या बायका खरचटून वाचल्या. अंबूबाई टेम्पोखाली सापडली. कुंडलिक पोचला तेव्हा ओढ्याच्या पाण्यात सगळीकडं कोथिंबीर तरंगत होती. मुकादम म्हणून पंचनाम्यावर त्याची सही घेतली. पंचनामा लिहिताना जमादाराचाच बूट दोनदा सरकला. त्यानं कठड्याला धरलं आणि लिहिलं, रस्ता रुंद, डांबरी, उत्तम स्थितीत. कुंडलिकनं त्याचा बूट सरकताना बघितला होता. बघूनच सही केली.

आणि आज त्याचा स्वतःचा पाय सरकला. पळभर. वर्षभर तो स्वतःला सांगत आला होता की ड्रायव्हरचाच काहीतरी हलगर्जीपणा असणार, एवढ्या गाड्या रोज जातात, मग हाच कसा गेला. हे सगळं डोक्यानं रचलेलं होतं आणि त्या फरशीवर ते क्षणात ढासळलं. पाय गेल्यावर माणूस काही करू शकत नाही हे आता अंगाला कळलं होतं. आनंदरावनं ब्रेक दाबला तेव्हा त्याला हेच वाटलं असणार. फक्त त्याचं कोपर धरायला कुणी नव्हतं.

वळण जवळ आलं. समोर रस्ता चकाकत होता. आभाळ त्यात उतरलेलं दिसत होतं. त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदा अनवाणी डांबरावर पाय ठेवला. थंड, बुळबुळीत. अंगठा दाबून बघितला, दाबलेला अंगठा पुढं गेला. ओढ्यातला शेवाळलेला दगड असाच लागायचा. कुंडलिक एकेक पाऊल टाकत वळणापर्यंत गेला, आणि तिथं त्याच्या तळव्याला काहीतरी खरखरीत लागलं. त्यानं खाली वाकून बघितलं. रस्त्यावर राख होती. काळपट, दाणेदार, भाताच्या तुसाची राख. दात घासायला वापरतात ती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मोरीपर्यंत, हातानं पेरल्यासारखी.

त्यानं मान वर केली तर अंजना समोर उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, कमरेला पाटी, मूठ अजून राखेनं भरलेली. तो डांबरी रस्त्यानं येईल अशी तिनं कल्पना केली नव्हती. पकडल्यासारखी ती जागीच थांबली आणि मूठ पदराआड नेली.

"काय करतीयास?"

"काय न्हाई. राख टाकतीया."

"कवापास्नं?"

अंजनानं मुठीतली राख पाटीत सोडली. मग म्हणाली, "अंबूआत्या गेल्या तवापास्नं. भुरभुर असली की टाकायची. आधी म्या एकलीच टाकायची, आता ह्या आळीतल्या समद्याच बाया टाकतात. पाऊस वाहून न्हेतो, परत टाकायची."

"समद्यास्नी ठावं हाय? ह्यो रस्ता धरत न्हाई म्हनून?"

"बायांस्नी ठावं हाय. डोईवर हंडा घिऊन हितनंच जायचं असतंय."

"मग कुनी बोललं का न्हाई?"

"माज्यासाटी न्हाई बोलल्या. भावाला फेटा बांधला गावानं. त्याचं नाव कोन घील?" तिनं पाटी खाली ठेवली. "आन म्या काय सांगू तुला, दादा? माज्या छातीसाटी केलास तू. दुसऱ्या कुनाच्या दारात एवढं काळं न्हाई."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. बांधाच्या वाटेनं तो का येतो हेही ठाऊक होतं. वर्षभर तो परसदारानं यायचा, ती चहा ठेवायची, दोघं भातलागणीचं बोलायची आणि पुढच्या दारात तिनं सकाळी टाकलेली राख असायची. त्याच्या मायेनं रस्ता बुळबुळीत केला होता आणि तिची माया त्यावर रोज राख टाकून ते झाकत होती. कुंडलिकला वाटलं, आता पावसानं जोरात यावं आणि सगळं दिसेनासं व्हावं. पण पाऊस तसाच बारीक होता.

"दादा, एक सांगू?" अंजना म्हणाली. "त्या ड्रायव्हरची बायको आलती, पंचमीच्या आदल्या दिशी. पोटाशी पोर बांधलेली. घराघरांत गेली. माज्या घरीबी आली. म्हनली, माज्या धन्याच्या हातनं तुमचं मानूस गेलं, पदरात घ्या. आन माज्या पाया पडली."

"मग?"

"म्या पडू दिलं तिला."

ती रडली नाही. खाली बघून हातातली राख बोटांनी चोळत राहिली. पाच वर्षांची पोर कडेवर असताना कुंडलिकनं तिला चकाकत्या दगडावर पाय देऊ नको म्हणून शिकवलं होतं; आणि चाळिशीकडं आलेल्या या बाईला त्याच्यापायी एका निरपराध माणसाच्या बायकोला पाया पडू द्यावं लागलं. अंबूबाईचा जीव गेला होता, आनंदरावची गाडी गेली होती, बाप तुटला होता, आणि हे चौथं तर त्याला ठाऊकच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मार वर्षभर ही खात होती.

"आज तुजी साक्ष हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय. तीनला."

"जेवून जा."

"नगं."

तिनं पुढं काही विचारलं नाही. काय सांगणार आहेस, असंही नाही. पाटी उचलून कमरेला लावली आणि राहिलेली मूठ त्याच्या पुढ्यातल्या रस्त्यावर टाकली, त्याला परत जाता यावं म्हणून. कुंडलिक त्या राखेवरून चालत गेला. मागं वळून बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. थोडं पुढं गेल्यावर त्याला शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली, श्वासाची, दम्यातली. तो थांबला. काही नव्हतं. तिचा दमा खरंच गेला होता. तेवढं त्या चार पिंपांनी चांगलं केलं होतं. हेही त्याला विसरता येत नव्हतं, आणि उद्या खात्यानं तो फर्लांग उखडला तर धूळ पुन्हा तिच्याच छातीत जायची होती.

भोरपर्यंत तो अनवाणीच आला. चपला हातात होत्या, घालायचं सुचलंच नाही. वाटेत हिशेब चालू होता. रिटायर व्हायला सात-आठ वर्षं राहिली होती. ओव्हरसीअर साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. भला माणूस, त्यालाही झळ लागेल. उत्रोलीत अंजनाला काय ऐकावं लागेल? तुज्या भावानं आमची म्हातारी मारली. जिनं राख टाकून त्याचं नाव राखलं तिच्याच तोंडाला तो काळं लावणार होता. नुसतं रस्ता चांगला होता म्हटलं, तर यातलं काहीच होणार नव्हतं. राख टाकत राहिल्या असत्या बायका. सवय होते. कोर्टाच्या फाटकापाशी तो पोचला तेव्हा त्याचं काहीच ठरलेलं नव्हतं. आनंदराव अजून त्याच खांबाला टेकून होता. त्यानं कुंडलिकच्या राखाळलेल्या पायांकडं बघितलं आणि सरकून त्याला वऱ्हांड्यात कोरड्यात जागा करून दिली.

तीनला नाव पुकारलं. आत जज्जसाहेब, कारकून, सरकारी वकील. कुंडलिकनं शपथ घेतली. सरकारी वकिलानं घड्याळात बघितलं. हा साक्षीदार दोन मिनिटांचा होता.

"मुकादम, रस्ता तुमच्या देखरेखीखाली झाला?"

"व्हय."

"अपघाताच्या दिवशी रस्त्याची स्थिती कशी होती?"

ते तीन शब्द कुंडलिकच्या तोंडात तयार होते, चघळून चघळून मऊ झालेले. त्यानं पायाचा अंगठा फरशीवर दाबला. राखेमुळं तो सरकला नाही.

"धरत न्हाई साहेब, त्यो रस्ता," तो म्हणाला.

वकिलानं मान वर केली. "म्हणजे? नीट सांगा. पंचनाम्यावर तुमची सही आहे. उत्तम स्थितीत, असं लिहिलंय."

"सही माजीच हाय. सही खोटी केली. रस्ता वला झाला की त्याच्यावर पाय ऱ्हात न्हाई, चाकबी ऱ्हात न्हाई. ब्रेक दाबला की गाडी जास्तच जाती. ह्यो मानूस खरं बोलतोय." त्यानं आनंदरावकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "डांबर जास्त पडलं तिथं. खडी बुडाली समदी."

"चुकून जास्त पडलं?"

"चुकून न्हाई. चार पिंपं उरली व्हती, म्या वतली. टोळीतल्या ठकुबाईनं मला सांगितलं व्हतं. म्या तिला हसलो."

जज्जसाहेब पुढं झुकले. ते तरुण होते, पुण्याकडचे, आवाज शांत होता. "मुकादम, समजून उमजून बोलताय ना? तुम्ही जास्तीचं डांबर त्याच जागी का ओतलंत?"

कुंडलिकनं टोपी काढली आणि हातात धरली.

"तिथं माजी भन दिलेली हाय," तो म्हणाला.

कारकुनाचं लिहिणं थांबलं. हे कोणत्या रकान्यात घ्यायचं, अशा चेहऱ्यानं त्यानं वर बघितलं. बाहेर वऱ्हांड्याच्या पत्र्यावर भुरभुर वाजत होती.

"लिहा," जज्जसाहेब म्हणाले. "तो म्हणाला तसंच लिहा."